एल्फांच्या शब्दांचं घराणं



आजचा विषय आधी कळवला होता, तेव्हा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा आला. जी भाषा एका माणसानं आपल्या टेबलापाशी बसून बनवली, तिच्यातल्या शब्दाला व्युत्पत्ती कशी असेल? त्यानं बनवला म्हणून तो आहे, संपलं. आणि याच प्रश्नाचा जुळा भाऊ: अशा भाषेत अमुक शब्द चुकीचा आहे, असं कोण आणि कशाच्या आधारावर म्हणणार?

प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायला मी जे. आर. आर. टॉल्किन यांच्या एल्फ लोकांच्या दोन भाषा घेतोय, क्वेन्या आणि सिंदारिन. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे सिनेमे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील, त्यात या भाषा कानावर पडतात. पुस्तकं वाचली नसतील तरी अडणार नाही, लागेल तेवढी गोष्ट मी सांगत जाईन. उच्चार मात्र देवनागरीत बसतील तेवढेच बसवतो, थोडं चालवून घ्या.

सुरुवात आपल्या हातापासून करू. अक्षरशः हातापासून. संस्कृतात हस्त, प्राकृतात हत्थ. पंजाबी माणूस आजही हत्थ म्हणतो, हिंदीवाला हाथ म्हणतो, आपण हात म्हणतो. एकट्या हाताचंच असं झालं असतं तर त्याला योगायोग म्हटलं असतं. पण कर्णाचा कण्ण होऊन कान झाला, सप्ताचा सत्त होऊन सात झाला, पर्णाचं पण्ण होऊन पान झालं. आधी जोडाक्षराचं द्वित्त, मग द्वित्तातलं एक अक्षर गळालं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. शब्द एकेकटे बदलत नाहीत, पंगतीनं बदलतात. म्हणूनच आपल्याला मागे जाता येतं. हात, हाथ, हत्थ ही तीन भावंडं समोर उभी केली की त्यांच्या पूर्वजाचा चेहरा बराचसा दिसायला लागतो.

ही झाली खऱ्या भाषांची गोष्ट. आता बनवलेल्या भाषा सहसा कशा बनतात? झामेनहॉफनं 1887 मध्ये एस्पेरांतो जाहीर केली, तिच्यातले बहुतेक शब्द युरोपातल्या भाषांमधून उचलून सोपे केलेले आहेत. हेतू स्वच्छ होता, लोकांना ती पटकन शिकता यावी. तिथे शब्द आजचा आणि अर्थही आजचा. शब्दाला पणजोबा देण्याची गरज त्याला वाटली नाही, आणि ते बरोबरच होतं.

टॉल्किनची भूक वेगळी होती. हा माणूस पेशानं भाषेचा अभ्यासक. पहिल्या महायुद्धातून परत आल्यावर 1919-20 मध्ये तो ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात कामाला होता, आणि त्याच्या वाट्याला डब्ल्यूनं सुरू होणारे शब्द आले होते. वॉलरससारख्या शब्दाचं मूळ शोधत दिवसच्या दिवस घालवायचे, ही त्याची नोकरी. पुढे लीड्सला आणि मग ऑक्सफर्डला प्राध्यापक. पण एल्फांचा पहिला शब्दसंग्रह त्याच्याही आधीचा आहे, 1915 चा, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षीचा. तेव्हा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पत्ताही नव्हता, ते छापून आलं 1954-55 मध्ये. त्यानं पुढे पत्रांमधून स्पष्ट सांगितलंय की भाषा आधी आल्या, आणि त्या बोलणाऱ्या लोकांना राहायला जग हवं म्हणून गोष्टी आल्या. लोकांना हे नंतर रचलेलं वाटतं. तारखा बघितल्या की पटतं.

दोन भाषांनी त्याला वेड लावलं होतं. एक फिन्निश. विद्यार्थिदशेत कॉलेजच्या ग्रंथालयात तिचं एक व्याकरण हाती लागलं, आणि तेव्हा झालेल्या आनंदाबद्दल तो म्हातारपणापर्यंत बोलत होता. दुसरी वेल्श. बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या या मुलानं रेल्वेच्या कोळशाच्या वाघिणींवर वेल्श नावं रंगवलेली पाहिली होती, आणि अर्थ न कळताच ती त्याला आवडली होती. क्वेन्याला फिन्निशचा गळा मिळाला, सिंदारिनला वेल्शचा.

इथपर्यंत हौस म्हणता येईल. खरी गंमत पुढे आहे. आवडलेले दोन सूर दोन वेगळ्या भाषांत ठेवून तो थांबला असता तरी चाललं असतं. त्यानं ठरवलं की या दोन भाषा सख्ख्या आहेत, एकाच जुन्या एल्फी भाषेतून निघाल्या आहेत. एल्फांचा एक गट समुद्र ओलांडून देवांच्या देशात गेला, तिथे क्वेन्या घडली. जे अलीकडेच राहिले, त्यांची भाषा बदलत बदलत सिंदारिन झाली. आता प्रत्येक शब्दाचं दोन्हीकडचं रूप नियमानं निघालं पाहिजे. नुसतं छान वाटलं म्हणून काही टाकता येणार नाही.

उदाहरण घेऊ. ‘शब्द’ या अर्थाचा क्वेन्या शब्द क्वेत्ता. सिंदारिनमध्ये पेथ, यातला शेवटचा उच्चार इंग्रजी ‘थिन’मधला. ऐकायला काही नातं वाटत नाही. पण जुन्या भाषेतला ‘क्व’ क्वेन्यानं राखला आणि सिंदारिनमध्ये त्याचा ‘प’ झाला, हा नियम कळला की दोघांची ओळख पटते. ‘हंस’ हा शब्द बघा: क्वेन्यात अल्क्वा, सिंदारिनमध्ये अल्फ. तोच ‘क्व’, पुन्हा तीच वाट, फक्त ‘ल’च्या मागे आल्यामुळे ‘प’ आणखी मऊ होऊन ‘फ’ झाला.

हा नियम त्याच्या डोक्यातून निघाला का? नाही. हा युरोपातल्या केल्टिक भाषांमध्ये खरोखर घडलेला बदल आहे. ‘चार’ला लॅटिनमध्ये क्वात्तुओर म्हणतात. आयर्लंडच्या भाषेत त्याच्या सुरुवातीला ‘क’ आहे, आणि वेल्शमध्ये पेदवार, म्हणजे ‘प’. याच घराण्यातून संस्कृतचा चत्वार आला आणि त्यातून आपला चार. म्हणजे तुम्ही भाजीवाल्याला ‘चार जुड्या द्या’ म्हणता तेव्हा तुमच्या तोंडातला ‘च’ आणि वेल्श माणसाच्या तोंडातला ‘प’ हे चुलतभाऊ आहेत. टॉल्किननं हे नातं कॉपी केलं नाही, ते ज्या रीतीनं चालतं ती रीत उचलली.

दुसरा नियम तर थेट आपल्या अंगणातला वाटेल. वडिलांना क्वेन्यात अतार, सिंदारिनमध्ये अदार. माणसांना एल्फ लोक ‘दुसरे’ म्हणतात, कारण ते जगात एल्फांच्या नंतर आले, तर तो शब्द क्वेन्यात अतान, सिंदारिनमध्ये अदान. दोन स्वरांच्या मधला ‘त’ मऊ होऊन ‘द’ झाला. प्राकृत वाचलेल्यांना लगेच शौरसेनी आठवेल: संस्कृत ‘गत’, शौरसेनीत ‘गद’. आपली महाराष्ट्री त्याच्याही पुढे गेली, तिनं ते व्यंजनच टाकून दिलं, ‘गअ’. आपला ‘गेला’ त्याच वाटेनं आला. टॉल्किननं हे प्राकृतावरून घेतलं असं मी म्हणत नाही, वेल्शमध्येही हेच घडतं. माणसाची जीभ सगळीकडे सारखीच आळशी, एवढंच.

अजून एक नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ग’ क्वेन्यात गळतो, सिंदारिनमध्ये टिकतो. दगड: क्वेन्यात ओन्दो, सिंदारिनमध्ये गोंद. झाड: क्वेन्यात अल्दा, सिंदारिनमध्ये गलाध. या गलाधचा शेवटचा उच्चार आपला ‘ध’ नव्हे. इंग्रजीत ‘दिस’, ‘दॅट’ म्हणताना जीभ दातांना घासते ना, तो.

हे सगळं त्यानं 1937-38 च्या सुमारास एका मोठ्या यादीत मांडलं. ती यादी शब्दांची नाही, धातूंची आहे. आपल्या धातुपाठासारखी: आधी मूळ, मग त्यातून कुठल्या भाषेत काय निघालं. त्याच्या मुलानं, ख्रिस्तोफरनं, ती 1987 मध्ये छापली. त्यानं एल्फांसाठी जी लिपी केली, तिच्यातही आपल्याला घरच्यासारखं वाटेल. अक्षरं उच्चारस्थानाप्रमाणे वर्गांत लावलेली, स्वर मात्रांसारखे व्यंजनाच्या डोक्यावर. वर्गाचं नाव त्याच्या पहिल्या अक्षरावरून आणि अक्षराचं नाव हा एक खरा शब्द: तिंको म्हणजे धातू, पार्मा म्हणजे पुस्तक, काल्मा म्हणजे दिवा, क्वेस्से म्हणजे पीस. म्हणजे त-वर्ग, प-वर्ग, क-वर्ग, आणि त्यांच्या शेजारी चक्क एक क्व-वर्ग.

आता शब्दांच्या अर्थाकडे. सगळ्यात जुना शब्द कुठला? गोष्ट अशी आहे की एल्फ पहिल्यांदा जागे झाले तेव्हा सूर्य-चंद्र नव्हते, वर फक्त तारे होते. ते बघून त्यांच्या तोंडून उद्गार निघाला, ‘एले!’ म्हणजे ‘बघा!’ त्या उद्गारातून ताऱ्याचा शब्द आला: क्वेन्यात एलेन, सिंदारिनमध्ये एल. आणि त्यातूनच त्यांचं स्वतःचं नाव, एल्दार, ताऱ्यांचे लोक. ‘तारा’ या शब्दाच्या पोटात ‘बघा’ हा शब्द आहे. नुसता शब्दकोश उघडला असता तर ‘एलेन = तारा’ एवढंच मिळालं असतं.

इथे थोडं थांबतो, कारण मला दर काही महिन्यांनी एक विनंती येते: मुलीसाठी ‘तारा’ या अर्थाचं एल्फी नाव सुचवा. आणि बरेचदा विचारणाऱ्यांनी ते आधीच निवडलेलं असतं, एलेनतारी, लाडानं तारी. नाव सुंदर आहे. पण त्यातला तारा ‘एलेन’मध्ये आहे. ‘तारी’ म्हणजे राणी, ‘उंच, थोर’ या अर्थाच्या धातूपासून आलेला शब्द. एलेनतारी म्हणजे ताऱ्यांची राणी, आणि लाडानं तारी म्हटलं की तारा गेला, राणी उरली. हाक मारायला वाईट नाही, पण कळून मारलेली बरी. असे चकवे आपल्या कानाला बरेच आहेत. अनार हा क्वेन्या शब्द, अर्थ सूर्य, डाळिंबाशी काही देणंघेणं नाही. निरोपाचा शब्द नमारिए, ऐकल्याबरोबर आपल्याला नमन आठवतं. तो आलाय ‘चांगलं असो, सुखरूप राहा’ अशा जोडशब्दातून, झिजून. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं. त्यांच्याकडेही निरोपात जाणं कुठे दिसत नाही. भाव जवळचा आहे, शब्द परका आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

सूर्यावरून चंद्र आठवला. चंद्राला क्वेन्यात इसिल, सिंदारिनमध्ये इथिल, पुन्हा तोच ‘थिन’मधला उच्चार. जुन्या भाषेत तो ‘थ’च होता. सिंदारिननं तो ठेवला, क्वेन्या बोलणाऱ्या नोल्दोर नावाच्या लोकांत त्याचा ‘स’ झाला. एवढी एक ओळ व्याकरणाच्या पुस्तकात पुरली असती. टॉल्किननं 1968 च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पंचाहत्तरीनंतर, तिच्यावर एक मोठं टिपण लिहिलं, आणि माझ्या मते एल्फांबद्दल त्यानं लिहिलेल्या सगळ्यात माणुसकीच्या गोष्टींपैकी ती एक आहे.

नोल्दोरांचा राजा फिन्वे. त्याची पहिली बायको मीरिएल, भरतकामात निष्णात, म्हणून तिला थेरिंदे म्हणत, सुईचं काम करणारी. तिचा मुलगा फेआनोर. मुलाच्या जन्मानंतर ती जगायला तयार राहिली नाही. राजानं दुसरं लग्न केलं, इंदिसशी. आणि याच काळात लोकांच्या बोलण्यात ‘थ’चा ‘स’ होत होता. थेरिंदेचं सेरिंदे होत होतं. लोकांच्या दृष्टीनं ही फॅशन, उच्चारातला साधा बदल. फेआनोरच्या दृष्टीनं आईचं नाव पुसलं जात होतं. तो हट्टाला पेटला: मी ‘थ’ म्हणणार, माझी मुलं ‘थ’ म्हणणार, जो ‘स’ म्हणेल तो माझ्या आईचा अपमान करतो. इंदिस ज्या लोकांतून आली ते खरं तर ‘थ’च म्हणत. पण ती म्हणाली, या घरात आले आहे तर इथल्यासारखंच बोलेन, आणि ‘स’ म्हणायला लागली. चांगल्या हेतूनं केलेली गोष्ट, आणि तीच फेआनोरला सगळ्यात जास्त लागली. पुढे उच्चारावरून कोण कुणाच्या बाजूचं हे ओळखता यायला लागलं.

आपल्याकडे ‘पाणी’ आणि ‘पानी’ यावरून माणसाचं गाव, जात, शाळा सगळं जोखणारे लोक आहेत, तेव्हा हे मी अधिक समजावून सांगायची गरज नाही. इंदूरच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरातून पुण्याला शिकायला गेलेल्यांनी तर हे अनुभवलंच असेल. माझा मुद्दा एवढाच आहे की इथे व्युत्पत्ती ही तळटीप नाही. शब्दाला मागची पिढी आहे म्हणूनच त्या पिढीवरून भांडण होऊ शकतं. एस्पेरांतोत हे भांडण रचताच आलं नसतं.

भाषा आणि गुन्हा यांचीही गाठ त्यानं घातली आहे. हेच नोल्दोर पुढे बंड करून निघाले तेव्हा समुद्र ओलांडायला जहाजं हवी होती, आणि ती मिळेनात म्हणून त्यांनी अल्क्वालोंदे या बंदरात आपल्याच भाऊबंदांना मारलं. अल्क्वालोंदे म्हणजे हंसांचं बंदर, मघाचा अल्क्वा आठवा. ही बातमी अलीकडच्या किनाऱ्यावरच्या राजाला कळली, थिंगोलला, मेलेल्यांशी त्याचं रक्ताचं नातं होतं. त्यानं शिक्षा दिली ती भाषेची: माझ्या राज्यात क्वेन्या बोलायची नाही. मग नोल्दोर सिंदारिन शिकले, आणि क्वेन्या उरली विद्वानांची, समारंभांची भाषा. टॉल्किन तिला एल्फांची लॅटिन म्हणायचा, आपण संस्कृत म्हणू शकतो.

आणि त्यांनी आपली नावंही नव्या भाषेत बसवली. इथे मघाचे नियम कामाला येतात. गलाद्रिएल, सिनेमातली ती पांढऱ्या वस्त्रातली राणी. हे सिंदारिन रूप आहे. क्वेन्यात ती अल्तारिएल, म्हणजे तेजस्वी हार मुकुटासारखा घातलेली. सुरुवातीचा ‘ग’ क्वेन्यात गळलेला, सिंदारिनमध्ये हजर. पण तेजाला सिंदारिनमध्ये गलाद म्हणतात आणि झाडाला गलाध. ही बाई पुढे राहायला गेली झाडांवर घरं बांधणाऱ्या लोकांत. झालं, बाहेरचे लोक तिला गलाध्रिएल म्हणायला लागले, झाडांची राणी असेल असं समजून. टॉल्किननं हा गैरसमज स्वतः नोंदवून ठेवला आहे. ‘तेज’चा शब्द क्वेन्यात अलाता, ‘झाड’चा अल्दा, तिथे घोटाळा व्हायला जागाच नाही. जवळ आलेल्या दोन सिंदारिन शब्दांचं मूळ वेगळं आहे, हे दुसऱ्या भावंडाला विचारल्याशिवाय कळत नाही. पर्णापासून आलेलं पान आणि सुरापानातलं पान आपल्याला मराठीत एकच ऐकू येतं, संस्कृताला विचारलं की दोन दिसतात.

गोंदोलिन या लपलेल्या शहराचंही तसंच. क्वेन्यात त्याचं नाव ओन्दोलिंदे, ज्या खडकावर पाण्याचं गाणं ऐकू येतं तो खडक. सिंदारिनमध्ये ते झालं गोंदोलिन, आणि सिंदारिन बोलणाऱ्यांनी त्यात ‘दोलेन’ हा आपला शब्द ऐकला, ‘लपलेला’. लपलेला खडक. शहर खरंच लपलेलं होतं, त्यामुळे अर्थ चपखल बसला आणि गाणं गेलं. नाशिकचं नाव शूर्पणखेच्या नाकावरून की नऊ शिखरांवरून, यावर आपल्याकडे दोन तट आहेत. ऐकणारा आपल्याला माहीत असलेला शब्द नावात शोधतो आणि तो सापडतोच. हे खऱ्या भाषांत होतं हे सगळ्यांना माहीत आहे. बनवलेल्या भाषेत मुद्दाम होऊ द्यायचं, हे धाडस मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

आता उलट दिशेचं एक काम बघू, कारण त्याशिवाय चित्र फारच पवित्र वाटेल. सगळे शब्द धातूपासून वर उगवले असं नाही. काही आवाज त्यानं बाहेरून आणले आणि मग त्यांना घराणं मिळवून दिलं. एका जुन्या इंग्रजी धार्मिक काव्यात एआरेंदेल हा शब्द त्याला सापडला, पहाटेच्या तेजासाठी वापरलेला. त्याला तो इतका आवडला की सप्टेंबर 1914 मध्ये त्यानं त्या नावाच्या दर्यावर्दीवर कविता लिहिली. मग भाषेत सोय केली: समुद्राचा एक धातू, प्रेमाचा, निष्ठेचा एक धातू, दोन्ही मिळून एआरेंदिल, समुद्रावर प्रेम करणारा. दत्तक मुलगा, पण कागदपत्रं चोख. आणि ‘दिल’ हा प्रत्यय मग इतर नावांतही राबला, एलेंदिलमध्ये तोच आहे. आपल्या दिलाशी संबंध नाही, कितीही जुळत असलं तरी!

मोरिया हे बुटक्यांचं पाताळनगर. मोर म्हणजे काळा, इआ म्हणजे खोल दरी. काळी दरी. मोर्दोरमध्येही तोच मोर, तो काळा देश. एका वाचकानं मोरियाचा संबंध बायबलमधल्या मोरिया पर्वताशी जोडला, तेव्हा 1967 मध्ये टॉल्किननं त्याच्यासाठी लिहिलेल्या उत्तराच्या मसुद्यात चांगलीच कानउघाडणी केली आहे. आवाज आला होता एका नॉर्वेजियन लोककथेतल्या सोरिया-मोरिया नावाच्या किल्ल्यावरून. पण त्या कथेचाही इथल्या अर्थाशी काही संबंध नाही, असं तो बजावतो. आवाज कुठून मिळाला हा एक प्रश्न, शब्दाचा अर्थ काय हा वेगळा प्रश्न, आणि दुसऱ्याचं उत्तर त्या भाषेच्या आतच शोधायचं. मला हे पटतं. जालावर क्वेन्या शब्द आणि संस्कृत शब्द शेजारी ठेवून ‘बघा, मूळ आपलंच’ म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी हे पत्र वाचावं.

गंमत म्हणजे योगायोग त्यालाही चकित करत. घसरणं, कोसळणं या अर्थाचा तलात हा धातू त्यानं केला. पुढे समुद्रात बुडालेल्या बेटाच्या कथेला त्या धातूपासून नियमानं नाव बनवलं तर ते निघालं अतालांते, म्हणजे कोसळलेली. जवळजवळ अटलांटिस. आपण हे ठरवून केलं नव्हतं, असं त्यानं 1964 च्या एका पत्रात लिहिलंय.

मग सुरुवातीचा प्रश्न: चूक कोण ठरवणार? टॉल्किन मालक होता, त्याला वाटेल ते बदलता येत होतं, आणि त्यानं बदललंही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पुरं होत आलं तेव्हा त्यानं वेल्शसारख्या त्या भाषेचा इतिहासच फिरवला. आधी ती निर्वासित नोल्दोरांची भाषा होती, आता ती मागे राहिलेल्या एल्फांची झाली आणि तिचं नाव सिंदारिन पडलं. बरेचसे शब्द तेच, घराणं दुसरं. म्हणजे कागद आपल्या कपाटात असेपर्यंत तो बिनधास्त होता. एकदा छापून वाचकाच्या हातात गेलं की मात्र तो स्वतःला बांधलेला समजायचा. याचा पुरावा एका निबंधात आहे, आणि आजच्यासाठी मी तो शेवटी राखून ठेवला होता.

अडचण होती ‘रोस’ या शब्दाची. एल्रोंद आणि एल्रोस हे जुळे भाऊ. एल्रोंद म्हणजे ताऱ्यांचा घुमट, एल्रोस म्हणजे ताऱ्यांचा फेस, तुषार. दुसरीकडे फेआनोरच्या थोरल्या मुलाच्या नावात, मैद्रोसमध्ये, हाच रोस आहे, पण तिथे त्याचा अर्थ तांबूस, त्याच्या केसांच्या रंगावरून. एकाच भाषेत एकाच आवाजाचे हे दोन शब्द त्याला खुपायला लागले. नावं तर बदलता येईनात, एल्रोस छापून गेलेला. मग 1968 किंवा त्यानंतर त्यानं तोडगा काढला: फेस या अर्थाचा रोस एल्फी नाहीच, तो बेओरच्या वंशातल्या माणसांच्या भाषेतला शब्द, आणि जुळ्यांच्या आईनं आपल्या पूर्वजांच्या आठवणीसाठी तो मुलाच्या नावात घातला. मग ती माणसं कोण, ती समुद्राजवळ कधी राहिली, त्यांच्या दोन जमातींच्या बोलीत फरक कसा पडला, हे सगळं रचत गेला. तीन अक्षरी आवाजासाठी एका जमातीचं स्थलांतर.

आणि मग त्याला काइर आंद्रोस आठवलं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं आंदुइन नदीतलं एक बेट, जहाजाच्या आकाराचं, त्याच्या टोकावर पाणी आपटून फेस उडतो. परिशिष्टात त्यानं स्वतः अर्थ छापला होता, लांब फेसाचं जहाज. तिथला रोस सिंदारिन होता, आणि अर्थ फेस. त्यानं निबंधावर शेरा मारला की यातलं बरंचसं टिकत नाही, आणि कारण म्हणून त्या बेटाचं नाव लिहिलं.

जगात एकाही माणसानं तक्रार केली नसती. किती वाचकांना ते परिशिष्ट आठवत होतं? निबंध तसाच राहिला, ख्रिस्तोफरनं तो 1996 मध्ये वडिलांच्या शेऱ्यासकट छापला. त्याआधी, टॉल्किनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1977 मध्ये ‘सिल्मारिलियन’ आलं. त्याच्या शेवटी शब्दांच्या घटकांची सूची आहे. कधी पुस्तक हाती आलं तर ‘रोस’ ही नोंद काढून बघा. अर्थ दिलाय फेस, तुषार, आणि उदाहरणांत एल्रोस आणि काइर आंद्रोस एकाच ओळीत आहेत.

चला, आता प्रश्न घेऊ.